'एवढं बघून करणार काय?'

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या सेफ्टी कमिटीपुढे मी गेल्या महिन्यात एक पानी टिपण ठेवलं. मागणी साधी होती. ज्या कामगाराला अ‍ॅटॅक येऊन गेलाय, किंवा ज्याच्या छातीत दुखलं, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलं आणि अँजिओग्राफीत मात्र काहीच सापडलं नाही, त्याला पुन्हा क्रेनवर, फोर्कलिफ्टवर किंवा थर्ड शिफ्टला पाठवण्याआधी त्याचा कार्डियाक एमआरआय व्हावा आणि खर्च त्याच्या खिशातून जाऊ नये. मागणी सरसकट सगळ्यांसाठी नव्हती. असे कामगार वर्षाकाठी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

टिपण पाच मिनिटांत निकालात निघालं. ते निकालात काढणारे गृहस्थ माझ्याहून ज्येष्ठ आहेत आणि वैद्यकीतला त्यांचा अधिकार मला मान्य आहे, म्हणूनच हे लिहितोय. ते म्हणाले, "हा श्रीमंतांचा चोचला आहे. एकोत पंपिंग कळतं, अँजिओत ब्लॉकेज कळतं. हृदयात डाग दिसला म्हणून गोळ्या काही बदलत नाहीत. मोठमोठ्या अभ्यासांत याचा उपयोग दिसलेला नाही. आणि तो रिपोर्ट एचआरच्या हाती पडला की माणसाची नोकरी गेलीच समजा." मग चष्मा काढून विचारलं, "एवढं बघून करणार काय?"

प्रश्न चांगला आहे. प्रत्येक तपासणीआधी तो विचारायलाच हवा. पण उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारावा.

पैशाच्या मुद्द्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. स्टेंटच्या किमतीला सरकारनं फेब्रुवारी २०१७मध्ये लगाम घातला तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. ती नुसत्या वस्तूची किंमत, बसवायचा खर्च वेगळा. एकेका माणसात असे दोन-दोन, तीन-तीन बसतात आणि त्याला कुणी चोचला म्हणत नाही. एमआरआय साधारणपणे एका स्टेंटहून स्वस्तात होतो.

आता पंपिंगचं बघू. आमच्याकडे हा शब्द आता पानटपरीवरही चालतो. "काकांचं पंपिंग पस्तीसवर आलंय" असं कुणी म्हणालं की चहा पिणाऱ्यांना कळतं, प्रकरण गंभीर आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, त्याचा हा आकडा. उपयोगी आहे, मीही रोज वापरतो. पण एकच एको दोन जणांनी वाचला तर त्यात पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. शिवाय आकडा का घसरला हे तो सांगत नाही. अ‍ॅटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यात स्नायूचा काही भाग मेलेला असतो आणि काही नुसता गांगरून थांबलेला. हललं नाही तर दोन्ही सारखेच दिसतात. गांगरलेला महिन्या-दीड महिन्यात कामावर परततो, मेलेला परतत नाही. उलटंही होतं. स्नायूत मोठा व्रण असतो, बाकीचा स्नायू जोर लावून सगळं सांभाळून घेतो आणि रिपोर्टवर पंचावन्न टक्के छापून येतात.

असा एक पंचावन्न टक्क्यांचा रिपोर्ट मी पास केलाय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ईओटी क्रेन चालवणारा चौतिशीचा माणूस. आधी ताप, मग छातीत दुखणं. ईसीजी बदललेला, ट्रोपोनिन वाढलेलं. शहरातल्या एका रुग्णालयात अँजिओ झाली, रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. डिस्चार्ज कार्डावर शेवटी 'नॉर्मल कोरोनरीज' असा शेरा होता. घरच्यांनी त्याचं भाषांतर 'काही नव्हतं, गॅस होता' असं केलं. मीही फारसं वेगळं केलं नाही. एको नॉर्मल, बीपी नॉर्मल, माणूस हसतमुख. दहा दिवसांनी फॉर्मवर 'फिट फॉर ड्यूटी' लिहून मी सही केली. दोन महिन्यांनी क्रेनच्या केबिनमधून शिडीनं उतरताना त्याला चक्कर आली. खालच्या दोन पायऱ्या उरल्या होत्या म्हणून बरगडीवर निभावलं.

एमआरआय तेव्हा झाला. त्याआधी सेंटरवाल्यांनी त्याच्या डोळ्यांचा एक्स-रे काढला. क्रेनवर येण्यापूर्वी पाच-सहा वर्षं तो ग्राइंडिंगला होता, आणि डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला असला तर त्या चुंबकात तो कण हलतो. शेंद्र्यातल्या माणसाला एमआरआयला पाठवताना हे विसरून चालत नाही. मग छातीला ईसीजीचे स्टिकर, कानाला हेडफोन आणि पाऊण तास त्या नळीत. "श्वास घ्या… सोडा… थांबा." हृदय थांबवता येत नाही, म्हणून यंत्र ठोका बघून फोटो घेतं आणि श्वास मात्र माणसाला थांबवायला लावतं.

यातला खरा खेळ गॅडोलिनियम नावाच्या औषधाचा. ते शिरेतून देतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. हे औषध पेशींच्या आत शिरत नाही, पेशींमधल्या मोकळ्या जागेत फिरतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीनं बसलेल्या, त्यामुळे ते आलं तसं निघून जातं. व्रणात पेशी मेलेल्या, मधे नुसता तंतूंचा विस्कटलेला पसारा. तिथे ते मुरतं आणि लवकर निघत नाही. यंत्राची वेळ अशी साधतात की निरोगी स्नायू काळाकुट्ट दिसावा. व्रण पांढरा उठून दिसतो.

आणि तो कुठे उठला यावरून कारण कळतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या बाहेरच्या अंगानं फिरतात आणि तिथून आत फांद्या सोडतात. सगळ्यांत आतला थर म्हणजे कालव्याचं टेल. जायकवाडीच्या पाण्याचं मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आवर्तन कमी पडलं की पहिलं शेत वाळतं ते टेलवाल्याचं. रक्तवाहिनी बंद पडून आलेल्या अ‍ॅटॅकचा डाग म्हणूनच आतल्या थरापासून सुरू होतो आणि बाहेर सरकतो. आमच्या क्रेनवाल्याचा डाग उलटा होता. बाहेरच्या थरात, बाजूच्या भिंतीवर, आतला थर शाबूत. म्हणजे पाणी तुटलेलं नव्हतं, रोग शेतावरच पडला होता. मायोकार्डायटिस, हृदयाच्या स्नायूची सूज. ती ओसरली आणि डाग मागे राहिला. एकोला यातलं काही दिसलं नव्हतं. अँजिओला दिसण्याचा प्रश्नच नाही, ती कालवा बघते, शेत नाही.

"बघून केलं काय?" जड काम आणि उंचीवरचं काम सहा महिने बंद. होल्टर लावून ठोक्यांची नोंद घेतली, त्यात वेड्यावाकड्या ठोक्यांच्या रांगा सापडल्या, गोळ्या सुरू झाल्या. अ‍ॅटॅक समजून त्याच्यामागे लागू शकल्या असत्या त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र टळल्या. 'गोळ्या बदलत नाहीत' म्हणतात ते असं.

आता अभ्यासांकडे येतो. ज्येष्ठ मित्रांनी घाव घातला तो तिथेच, आणि तिथे त्यांची बाजू पोकळ नाही. त्यांनी नाव घेतलं रिव्हाइव्ह्ड या ब्रिटिश चाचणीचं. २०२२मध्ये निकाल आला. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी, रक्तवाहिन्या बऱ्याच तुंबलेल्या, पण तपासणीत काही स्नायू जिवंत सापडलेला, असे ७०० रुग्ण. निम्म्यांना स्टेंट आणि औषधं, निम्म्यांना फक्त औषधं. सुमारे साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, यांपैकी काहीतरी स्टेंटवाल्यांत ३७.२ टक्क्यांना झालं आणि औषधवाल्यांत ३८.० टक्क्यांना. म्हणजे फरक नाही. त्यापूर्वी २०११मध्ये स्टिच चाचणीतही, जिवंत स्नायू शोधून बायपासचा फायदा कुणाला होईल हे आधी ओळखता आलं नव्हतं. स्टिचमध्ये एमआरआय नव्हताच, तिथे अणुस्कॅन आणि औषध देऊन केलेला एको होता. पण ती पळवाट मी घेत नाही, कारण रिव्हाइव्ह्डमध्ये बहुतेकांचा एमआरआयच झाला होता.

मग मी हरलो का? यातून हरला तो स्टेंट. 'जिवंत स्नायू दिसतोय, पाणी सोडा, शेत हिरवं होईल' हा आपला भाबडेपणा होता. त्याच रिव्हाइव्ह्डच्या रुग्णांचा पुढचा हिशेब २०२३मध्ये आला. जिवंत स्नायू किती यावरून स्टेंटचा फायदा ठरेना, पण मेलेला स्नायू किती यावरून पुढे काय होणार ते ठरत होतं. डाग मोठा तितका धोका मोठा, स्टेंट असो वा नसो. मित्रांनी या चाचणीचं पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटलं नाही. पहिल्या पानाचा अर्थही त्यांनी पुरता लावला नाही. अशा कमजोर पण स्थिर हृदयात ब्लॉकेज दिसलं म्हणून घाईनं स्टेंट घालण्यात आयुष्य वाढत नसेल, तर चोचला कशाला म्हणायचं? (ऐन अ‍ॅटॅकमध्ये तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. इथे ती भानगड नाही.)

डागाची गोष्ट मुळात जुनी आहे. २०००मध्ये रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी पन्नास रुग्णांचा एमआरआय रक्तपुरवठा सुधारण्याआधी केला. भिंतीच्या ज्या तुकड्यांत डाग नव्हता त्यांतले ७८ टक्के नंतर जास्त जोरात हलू लागले. ज्या ५८ तुकड्यांत डागानं पाऊण भिंतीहून जास्त व्यापली होती, त्यांतला सुधारला फक्त एक. लंडनच्या गुलाटी आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये हृदय फुगून कमजोर झालेल्या ४७२ जणांचा मागोवा छापला. १४२ जणांच्या स्नायूच्या मधल्या थरात डाग होता. साधारण पाच वर्षांत डागवाल्यांतले २६.८ टक्के गेले, बिनडागवाल्यांतले १०.६. धोकादायक ठोक्यांचे झटके आणि अचानक मृत्यू यांत तफावत आणखी मोठी, २९.६ विरुद्ध ७.० टक्के. पंपिंगचा आकडा हिशेबात धरूनही फरक टिकला.

'पण त्यावर उपाय बदलून माणसं वाचली का?' या प्रश्नावर मी माघार घेतो, निम्मी. शरीरात बसवायचा शॉकचा डबा, म्हणजे आयसीडी, नुसत्या डागावरून बसवला तर जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. डेन्मार्कच्या २०१६च्या चाचणीत, रक्तवाहिन्यांशी संबंध नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या १,११६ रुग्णांत पंपिंगच्या आकड्यावरून निम्म्यांना डबे बसवले. अचानक मृत्यू ८.२वरून ४.३ टक्क्यांवर आले आणि तरी एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डबा काम करतो, पण आपण तो नको त्याला बसवतोय. निवड कशावरून करायची, यावर पंपिंगचा आकडा नापास झालाय आणि डागाचा निकाल यायचाय. हायपरट्रॉफिक कार्डियोमायोपथीत, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात, मात्र तो बराचसा आलाय. स्नायूच्या वजनाच्या १५ टक्के किंवा जास्त डाग असला तर अचानक मृत्यूचा धोका डाग नसलेल्यांच्या दुप्पट होतो, आणि अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत डबा ठरवताना तो धरला जातो.

मला दुसरीकडूनही टोळधाड दिसते, तिच्याबद्दल मित्र काही बोलले नाहीत. कार्डियाक एमआरआय 'एक्झिक्युटिव्ह हेल्थ चेकअप'च्या पॅकेजात घालून विकला जातो. विकणाऱ्यांच्या हातात पुरावा म्हणून अमेरिकेतला एक खराच अभ्यास असतो. १,८४० लोकांत ७.९ टक्क्यांच्या हृदयात डाग निघाले आणि त्यांतल्या ७८ टक्क्यांना अ‍ॅटॅक येऊन गेल्याचा पत्ताच नव्हता. आकडा खरा आहे. पण धडधाकट माणसाला नळीत घालून त्याचं आयुष्य वाढतं असं त्यातून निघत नाही. गॅडोलिनियम म्हणजे तीर्थही नव्हे. किडनी फारच खराब असेल तर त्याच्या जुन्या प्रकारांनी कातडी आणि सांधे आखडवणारा भयंकर रोग होत असे, म्हणून आधी क्रिएटिनीन बघावं लागतं. डॉ. अभय बंगांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'नं मराठी घरांत तेल, चालणं आणि ताण यांची चर्चा आणली, ती कुठल्याही पॅकेजाहून जास्त लोकांच्या कामी आली असेल. चुन्यात मळलेली तंबाखू सोडायला चुंबक लागत नाही. भारतीय उपखंडात पहिला अ‍ॅटॅक इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी, सरासरी ५३व्या वर्षी येतो, हे इंटरहार्ट अभ्यासानं दाखवून दिलं. तेव्हा आधीची कामं आधीच करायची. मी बोलतोय ते त्या चार-पाच जणांबद्दल, ज्यांचं आधी करायचं राहून गेलं आणि आता ज्यांच्या फॉर्मवर कुणीतरी सही करायचीय.

इथवरचा वाद डॉक्टरांचा. शेवटचा आक्षेप कामगाराचा आहे आणि तोच मला झोपू देत नाही.

त्या बैठकीत मी एक उदाहरण दिलं होतं आणि ते माझ्यावरच उलटलं. २००१मध्ये स्कोडा शेंद्र्यात आली तेव्हापासून हा पट्टा गाड्यांच्या सुट्या भागांवर जगतोय. स्टिअरिंगचा एखादा फोर्ज केलेला भाग असतो. माप बरोबर, वजन बरोबर, तरी तो तसाच पुढे जात नाही. त्याला चुंबकीय करतात, वरून लोखंडाच्या बारीक कणांचं द्रावण ओततात आणि काळ्या दिव्याखाली धरतात. डोळ्यांना न दिसणारी भेग असली तर कण तिथे जमून हिरवी रेघ चमकते. लाइनवरचा पोरगा दिवसाला शेकड्यानं असे भाग बघतो आणि त्याला कुणी विचारत नाही की एवढं बघून करणार काय. मी म्हटलं, "पार्टला चुंबक आहे, माणसाला का नाही?"

मित्र शांतपणे म्हणाले, "भेग दिसली की पार्ट लाल डब्यात जातो."

मी गप्प बसलो. खरंय ते. कायम कामगाराला युनियन आहे, बदलीचं काम आहे. कंत्राटी कामगाराला 'लाइट ड्यूटी' म्हणजे ठेकेदाराचा फोन येणं बंद. त्याला कुणी काढत नाही, नुसतं बोलवत नाहीत.

पण गप्प बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की लाल डबा आजही आहे. तो फक्त आंधळा आहे. अ‍ॅटॅक येऊन गेलेला माणूस समोर आला की माझ्यासारखा डॉक्टर स्वतःची कातडी वाचवायला 'अनफिट' लिहितो, नाहीतर दया येऊन 'फिट'. दोन्ही अंदाजानं. ज्याच्या हृदयात डाग नाही किंवा नखाएवढा आहे, त्याला एमआरआय ही नोकरी परत मिळवायची सनद ठरू शकते. आजच्या पद्धतीत ती त्याला मिळत नाही. आणि डागवाल्यांबद्दल गुलाटींचाच आकडा उलटा वाचा. १४२पैकी १०४ जण पाच वर्षांनीही जिवंत होते. डाग म्हणजे धोक्याचा अंदाज. तो क्रेनच्या केबिनबद्दल काही सांगतो, स्टोअरच्या टेबलाबद्दल नाही. म्हणून कारखान्याकडे जायचा तो कागद एका ओळीचा असावा: हे काम चालेल, ते चालणार नाही. फिल्म आणि रिपोर्ट कामगाराच्या घरी. हे माझ्या टिपणात नव्हतं, ती चूक माझी, आणि ती दाखवल्याबद्दल मी मित्रांचा ऋणी आहे.

त्यांनी मात्र एका कागदाकडे काणाडोळा केला. कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवस ७० टक्के मजुरी मिळते. त्यापुढे ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यात नाव बसलं आणि नोकरी, वर्गणीच्या अटी भरल्या तर ८० टक्के मजुरी दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्या यादीत अ‍ॅटॅक आहे, पण अट घालून: पंपिंग ४५ टक्क्यांपेक्षा कमी हवं. मघाशी सांगितलं, एकोत पाच-सात टक्के इकडेतिकडे होतात. ४४ आला तर घरी पगार, ४६ आला तर सेकंड शिफ्ट. भिंतीत डाग केवढा हे त्या यादीला माहीतच नाही. एमआरआयनं कामगाराचं नुकसान होईल म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं की एकोच्या एका आकड्यानं त्याचं आजच किती होतंय. यादीत त्या अटीपुढे 'किंवा एमआरआयवर मोठा व्रण' एवढे शब्द वाढवा, मग तोच पांढरा डाग कामगाराच्या बाजूनं साक्ष देईल. यासाठी सेफ्टी कमिटी पुरणार नाही हे मला कळतं. पण तिथून ठराव तर जाऊ शकतो.

क्रेनवाला आता टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत असतो, खाली, जमिनीवर. मधे त्यानं सेंटरनं दिलेली सीडी आणली होती. अ‍ॅम्ब्युलन्स रूममधल्या कॉम्प्युटरला सीडीची खाचच नाही, म्हणून फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. एका कोपऱ्याला मांगीरबाबाचा अंगारा लागलेला. घरच्यांनी चैत्रातल्या यात्रेत फिल्मही पायांवर ठेवून आणली होती.

"साहेब, हे पांढरं पुसून निघन का?"

"नाही निघणार. पण वाढतंय का ते वर्षभरानं पुन्हा बघू."

"मग कामावर राहू ना मी?"

त्या दिवशीच्या फॉर्मवर 'फिट / अनफिट' एवढाच रकाना होता. मी दोन्ही खोडले आणि खाली पेननं लिहिलं: जमिनीवरचं काम, डे शिफ्ट, शिडी नाही. एचआरनं दुसऱ्या दिवशी फॉर्म परत पाठवला. दोन्हींपैकी एकावर खूण हवी म्हणून.